गंबो, दोनशे माणसांसाठी

रविवारची प्रार्थना आटोपून थेरन ब्रुसार्ड आईच्या टेबलाशी बसला, पण तळलेल्या माशाला त्याने हात लावला नाही. तेव्हाच ओडेसाने ओळखलं की पोराचं काहीतरी बिनसलंय. सव्वादोनशे पौंडांचा देह, आणि समोर ताट निवतंय!

"उद्या नावं गाळणार आहेत, आई," तो म्हणाला. "समोरून धावत येणाऱ्याला अडवून पाडणारे लाइनबॅकर आम्ही सात जण. ठेवणार सहा."

ही चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी पोरं निवडली त्या दिवशी थेरनचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. पत्रांवर पत्रं लिहून त्याने सरावापुरती जागा मिळवली होती. नाव गाळलं गेलं तर घरी परत, आणि घरी म्हणजे साखर कारखान्यात. त्याच्या बापाने तिथे तीस वर्षं काढली आणि दोन बोटं ठेवून आला. ओडेसा त्या कारखान्याचा भोंगा झाला की अजून खिडकी लावून घ्यायची.

"सांगतात तरी कसं?" मोठं पातेलं मागायला आलेल्या शेजारच्या विल्मा लीने विचारलं.

"पहाटे क्रम्प म्हणून एक माणूस दार वाजवतो. आम्ही त्याला यमदूत म्हणतो. 'कोचनी बोलावलंय, वही घेऊन चल.' बस, एवढंच. वहीत आमच्या सगळ्या खेळी असतात. मागे एकाने जाताना ती पळवून दुसऱ्या संघाला दिली. तेव्हापासून वही हातात पडल्याशिवाय कोच हॅगर्टी कुणालाच सोडत नाहीत. आधी वही, मग नाव गाळायच्या कागदावर सही."

"आणि वही सापडलीच नाही तर?" ओडेसाने विचारलं.

"न सापडायला काय झालं? उशाशी घेऊन झोपतो मी."

"तेही खरंच," म्हणत ओडेसा उठली आणि सरावाच्या छावणीवर परतायची त्याची बॅग भरायला आत गेली.

सोमवारी पहाटे यमदूत आला. थेरन निळ्या पुठ्ठ्याची जाड वही छातीशी धरून कोचसमोर उभा राहिला. हॅगर्टींनी ती उघडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"ब्रुसार्ड, 'पीठ तेलात तपकिरी होईपर्यंत हलवत राहा, हात थांबवू नका.' ही कुठली खेळी?"

"सर?"

"'झिंगे शेवटी.' झिंगे कुठल्या बाजूने येतात?"

थेरनने वाकून पान पाहिलं. "सर, ही माझ्या आईची... दिसायला तशीच, पण चर्चच्या स्वयंपाकघराची वही आहे, सर. तो गंबो आहे, झिंग्यांचा दाट रस्सा."

मदतनीस कोच पिकेट संशयी माणूस. त्याने वही हिसकावली. "मला ही सांकेतिक भाषा वाटतेय. 'गंबो, दोनशे माणसांसाठी'! खरी वही दुसऱ्या संघाकडे गेली असणार!"

"दुसऱ्या संघाला भूक लागली असेल तर यातलं हे पान न्यावं त्यांनी," हॅगर्टी म्हणाले आणि त्यांनी चर्चला फोन लावला.

चर्चच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी गर्दी होती. म्हाताऱ्या मिस्टर लेब्लांचा अंत्यविधी होता आणि नंतरचं जेवण ओडेसाकडे होतं.

"हो, आहे ना इथे," ती फोनवर म्हणाली. "गोल, फुल्या आणि बाण. मघापासून कोबीच्या भाजीचं पान शोधतेय."

"बाई, ती वही अत्यंत गुप्त आहे! कुणी पाहिली तर नाही?"

"छे हो. आम्हा अकरा बायकांखेरीज कुणीच नाही."

"त्यांना काही कळलं?"

"विल्मा ली म्हणते, डावीकडे तुमची माणसं कमी पडतात."

"बाई, चारच्या आत ठेवलेल्या पोरांची यादी वर पाठवायची असते. आत्ता निघा."

"आत्ता? मिस्टर लेब्लांना आधी मातीत ठेवू द्या. जेवणं होऊ देत. ते काही दुसऱ्यांदा जायचे नाहीत, वही काय, संध्याकाळपर्यंत थांबेल."

मग थेरनला करायचं काय? ठेवलेला नाही आणि गाळलेलाही नाही. "नुसता बसून काय करतोस? जा, पळ मैदानावर," हॅगर्टी वैतागून म्हणाले.

अकराच्या सुमारास डुबिन्स्की नावाच्या जुन्या लाइनबॅकरचा पाय गवतात अडकला आणि गुडघा फिरला. त्याला उचलून नेलं. त्या जागी उभं करायला मोकळा माणूस एकच होता. पुढच्याच खेळीत चेंडू घेऊन धावणारा गडी थेरनवर आदळून जागीच असा कोसळला की तो आवाज ऐकून हॅगर्टींनी हातातला कागद खाली ठेवला. डावीकडूनच आला होता तो.

ओडेसा लांबच्या रस्त्याने, ताशी तीस मैलांनी, चारला दहा मिनिटं असताना पोचली.

"राहू द्या ती वही पोराकडेच," हॅगर्टी म्हणाले. "त्याला लागेल. तुमची वही मात्र उद्या देतो. आमचा स्वयंपाकी दोन पानं उतरवून घेतोय."

थेरन आठ वर्षं खेळला. डुबिन्स्की पुन्हा कधी खेळला नाही. त्याच्या घरी दर नाताळात ओडेसाने स्वतः केलेली अक्रोडासारख्या पेकानची वडी जायची, सोबत चिठ्ठी नाही. थेरनला वाटायचं, आईचा स्वभावच तसा.

ओडेसाचे केस पुरते पांढरे झाल्यावर एका शनिवारी ती आणि विल्मा ली दोघीच चर्चच्या स्वयंपाकघरात होत्या. विल्मा ली हळूच म्हणाली, "ओडेसा, तुझ्या वहीला ओळखीसाठी लाल लोकर बांधलेली असायची. वह्यांची अदलाबदल झाली त्या रविवारी चर्चला निघताना होती. सोमवारी ती लोकर तुझ्या शिवणाच्या डब्यात कशी गं?"

ओडेसाने पातेलं पुढे ओढलं आणि त्यात डाव फिरवू लागली.

"पीठ परतताना बोलू नये, विल्मा. करपतं."

विल्मा लीने आत डोकावून पाहिलं. पातेलं रिकामं होतं, आणि चूल अजून पेटवायची होती.