बोरीवलीच्या किल्ल्याची तारीफ आणि सहा कमानींची मोहीम

शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, आदितवारी, मुलुंडकर मधुकरपंत केरकर यांनी बोरीवलीवर स्वारी केली, तिची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे फारसे न घालता, लिहिली आहे.

प्रथम लाभाचा अंदाज. मुलांचे नावे घरात आणून आपणच बळकाविलेल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा जुन्या धाटणीचा किल्ला पंतांनी पत्र्याच्या ट्रंकेवर उभारिला होता. तट जाहला, बुरूज जाहले, परंतु कमानीचे ठोकळे नसल्याकारणे दरवाजाचे जागी नुसते भोक राहिले आणि त्यातून झुरळे राजरोस आमदरफ्त करू लागली. कमानी होत्या त्या बोरीवलीकर विद्याधरपंत वागळे यांचे खजिन्यात, आणि उदंड होत्या, कारण त्यांचा मेहुणा मस्कतेस चाकरीस. सबब मसलत ऐशी ठरली की, विद्याधरपंतांनी नवा किल्ला उठविला आहे तो जाऊन पाहावा, पोटभर वाखाणावा, धन्याचे चित्त प्रसन्न करावे आणि सहा कमानी पदरात पाडून घ्याव्या. तारीफ फुकट, कमानी दुर्मिळ, सौदा किफायतीचा.

मग निघतेसमयी कुटुंब सुलक्षणाबाईसाहेब यांनी फर्मान काढिले की, तेथे एकही खोट काढणे नाही. कारण पूर्वी पंत मेहुणीच्या नव्या सोफ्यावर बसले आणि "स्प्रिंग ढिली वाटते" इतकेच बोलले, तेव्हापासून ते घर तुटले होते. "तोंड उघडायचं ते 'वा' म्हणायला. कळलं?" ऐसे बजावून बाईसाहेब स्कूटरवर मागे स्वार जाहल्या, आणि पवई ओलांडली, आणि आरे कॉलनीच्या रानात म्हशींची फौज आडवी आली तीस अदबीने वाट दिली, मग मजल दरमजल करीत बोरीवली गाठली.

विद्याधरपंतांचा किल्ला जेवणाच्या टेबलावर वसला होता, आणि वागळे मंडळी सांप्रत भुईवर जेवीत होती. बालेकिल्ला तांबडा, तट पिवळा, आणि पिवळे ठोकळे सरले तेथून निळा. आत धान्याचे कोठार, पाण्याचे टाके, सदर, सदरेस खांब. मधुकरपंतांनी टेबलाभोवती फिरून पाहिले. काम चांगले होते. नुसते चांगले नव्हे, आपल्या हातून होणार नाही इतके चांगले होते. आणि आम्हां छंदी लोकांस यापरता दुसरा पराभव नाही.

मग तारीफ सुरू जाहली. पंतांनी बुरुजास "झकास" म्हटले, सदरेस "लाजवाब" म्हटले, टाक्यास तर दोन वेळा "वा" म्हटले, आणि येथेच दगा जाहला. आमच्या मुलखाचा दस्तूर ऐसा की, जो मनापासून पाहतो तो दोष काढतो. नुसता वाखाणून उठतो तो लग्नातला पाहुणा, नाहीतर उसने मागणारा. विद्याधरपंत गणपती उठल्यापासून या कामात गुंतले होते, आणि ठोकळ्यांतले खरे कळणारा मनुष्य मुलुंडास एकच, त्याचे मत काय पडते इकडे त्यांचे डोळे लागले होते. त्यांची मुद्रा उतरली.

"सगळंच चांगलं?"

"सगळंच."

"तटसुद्धा?"

"तट म्हणजे काय... वा!"

"मध्या, तू सख्ख्या मेहुणीचा सोफा सोडत नाहीस रे. नाही आवडलं तर सरळ सांग ना यार. चेष्टा कशाला?"

नीलावहिनी पोहे घेऊन आल्या, त्यांनी धन्याचा रंग पाहिला आणि बोलल्या, "भावजी, सकाळपासून हे गॅलरीत उभे होते तुमच्यासाठी. आता तुम्ही असं वा-वा केलंत, तर आज हे जेवायचे नाहीत."

पंत घाबरे जाहले, आणि घाबऱ्या मनुष्याने जे करू नये ते केले, म्हणजे कमानींची गोष्ट काढली. "अस्सं! म्हणून वा-वा होय!" म्हणून विद्याधरपंतांनी कमानींचा बिस्किटांचा डबा उचलला, झाकण दाबून बसविले आणि कपाटावर ठेविला. मोहीम बुडाली. मग बुडालेल्यास कसली भीती? पंतांच्या जिभेचा घोडा सुटला.

"अरे, मग ऐक! तुझा दरवाजा गाढव आहे. असा तोंडावर ठेवतात काय? समोरून हत्ती आला की संपला किल्ला. दोन बुरुजांच्या कुशीत घाल, वाट वळव, शत्रूला जवळ येईपर्यंत दार दिसताच कामा नये. गोमुखी कर, गोमुखी!"

सुलक्षणाबाईसाहेबांनी डोळे मिटले. परंतु विद्याधरपंतांचे मुखावर उजेड पडला. "च्यायला! हे माझ्या डोक्यातच नाही आलं. तुला कुठून सुचलं?"

पंत भरात बोलून गेले की, ही युक्ती आपण आपल्याच किल्ल्यासाठी मनात राखिली होती, बायकोसही सांगितली नव्हती. मग काय विचारता? उभयतांनी जुना दरवाजा पाडिला, बुरूज पुढे घेतले, पोहे गार जाहले, आणि कोठे वळण चुके तेथे मधुकरपंत विद्याधरपंतांचा हात बाजूस सारून स्वहस्ते ठोकळा बसवीत. दरवाजा असा साधला की समोर उभे राहून दिसेना. विद्याधरपंतांनी डबा खाली काढिला आणि फर्माविले की सहा काय, आठ ने.

परतताना सुलक्षणाबाईसाहेबांनी पाठीमागून पुसले, "मग आता आपण दार कसलं करायचं?"

पंतांनी स्कूटर दामटली. मुलुंडास गोमुखी दरवाजा उभारावा, तर जो येईल तो म्हणेल, वागळ्यांची नक्कल केली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जमेस कमानी आठ, मागितल्याहून दोन अधिक. खर्ची गोमुखी दरवाजा एक, तो मधुकरपंतांनी आपल्या हातांनी परमुलखी बांधून दिला, आणि वर तारीफही केली.