धूर दिसला पाहिजे

जे काम डोळ्यांना दिसत नाही ते झालेलंच नसतं. सार्वजनिक जीवन याच पायावर उभं आहे, आणि मुकुंदवाडी स्टेशनामागची आमची वसाहत हा पाया कधी सोडत नाही.

आमचे अध्यक्ष कडूबा जाधव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. (आयुष्यभर त्यांनी लांबलांबच्या शिवारांना पाणी पोचवलं. स्वतःच्या नळाला ते कधी येईल हे मात्र त्यांनाही सांगता येत नसे.) गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पत्नीला, सरूबाईंना, डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत गेल्या तसा कडूबांचा आवाजही उतरत गेला. दवाखान्याच्या बाकड्यावर तोंडावर रुमाल धरून ते रडले. पुढं सरूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, पण गच्चीचा जिना चढताना त्यांना मध्येच बसावं लागायचं. ते पाहून कडूबांनी ठरवलं की आता वसाहतीत एकही डास जिवंत ठेवायचा नाही.

कार्यकारिणीला घेऊन ते गुलमंडीत फारूखच्या दुकानात गेले. फारूख शेतीचे फवारे आणि फॉगर विकतो. त्यानं दोन मशिनी पुढं मांडल्या. एक थंड फवाऱ्याची होती. ती औषध पाण्यात कालवून बारीक तुषार सोडते, आणि आवाज बेताचा करते. दुसरी गरम धुराची, डिझेलवर चालणारी, खांद्याला अडकवायची. थंड मशीन बंद खोलीत चालते, औषध बदललं तर बुरशीवरही चालते. गरम मशीन फक्त उघड्यावर, वारा पडल्यावर, संध्याकाळी वापरायची. एवढं फारूखनं नीट समजावून सांगितलं.

मग त्यानं थंड मशीन चालवून दाखवली. कार्यकारिणी आदबीनं उभी राहिली. बऱ्याच वेळानं खजिनदार बद्रीनाथ यांनी विचारलं की सुरू कधी करणार. फारूख म्हणाला, झालं की. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ज्या मशिनीनं काम केल्याचं कळत नाही ती मशीन लोकांना काय तोंड दाखवणार, असा मुद्दा बद्रीनाथांनी मांडला.

मग गरम मशीन सुरू झाली. पहिल्या झटक्यात समोरचं कापडाचं दुकान दिसेनासं झालं, दुसऱ्यात गल्ली. धुरातून एक स्कूटरवाला शिव्या देत गेला. तो दिसला नाही, पण शिव्या स्पष्ट ऐकू आल्या. ही मशीन एकमतानं पसंत पडली.

उद्घाटनाला नारळ फुटला, भाषणं झाली. ती धुरामुळं लवकर आटोपली, हा मशिनीचा पहिला सिद्ध झालेला फायदा. डास किती मेले याची पाहणी कार्यकारिणीनं शास्त्रशुद्ध पद्धतीनं केली. जो जास्त खोकला त्याच्या घरचे डास जास्त मेले असं धरण्यात आलं. त्या हिशेबानं दम्याचे रुग्ण असलेली घरं पूर्णपणे डासमुक्त निघाली. जे डास मेले नाहीत ते पलीकडच्या वसाहतीत गेले. तिकडच्या लोकांनीही मोठी मशीन आणली तेव्हा डास परत आले. दोन्ही वसाहतींचे संबंध पूर्वी इतके जवळचे नव्हते.

आता कडूबांच्या घरी, मागच्या खोलीत, भिंतीला काळी बुरशी धरली होती. सरूबाईंना त्या वासानं रात्रभर खोकला यायचा. मशीन अध्यक्षांच्या घरातच असायची. कडूबांनी विचार केला, जी मशीन डासाला भारी, तिच्यापुढं बुरशी काय टिकणार? (घरात ती चालवायची नसते, हे त्यांना आठवत होतं. पण आठवणं आणि मानणं ही दोन वेगळी खाती आहेत.) सरूबाई पुढच्या खोलीत निजल्या होत्या. कडूबांनी खिडक्या लावल्या आणि मशिनीची दोरी ओढली.

शेजारच्या शमशादभाभी उर्दू शाळेत शिकवतात. त्यांनी दाराच्या फटींतून निघालेले लोट पाहिले आणि अग्निशमन दलाला फोन केला. मग दार ढकलून आत शिरल्या आणि सरूबाईंना कवेत धरून अंगणात आणलं. मागून कडूबा आले, भुवयांपर्यंत काळे.

सरूबाई बराच वेळ खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मच्छराच्या हातून वाचले मी. आता तुमच्या हातून मरू का?"

कडूबांनी खांद्यावरची मशीन उतरवून बाजूला ठेवली.

तेवढ्यात बंब आला. आग नाही म्हटल्यावर तो वळू लागला, पण वसाहतीनं एव्हाना त्याच्या पोटात काय आहे ते ओळखलं होतं. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. हंडे, बादल्या, टोप घेऊन बायका बंबापुढं उभ्या राहिल्या. बंबावरच्या साहेबांनी नियम सांगितला. शमशादभाभी म्हणाल्या, "साहब, आग नाय लागली हे खरं. पण लोक जळायले, ते बघा की." साहेबांनी पाइप सोडायला सांगितला.

धूर विरल्यावर, ताजं पाणी भरायचं म्हणून सरूबाईंनी शमशादभाभींच्या मदतीनं मागच्या खोलीतला, भिंतीला टेकवलेला ड्रम ओढत आणून अंगणात आडवा केला. जुनं पाणी फरशीवर पसरलं, आणि त्यात बारीक, डोकं खाली करून नाचणाऱ्या अळ्याच अळ्या होत्या. कडूबा उकिडवे बसून पाहत राहिले.

"हे आपल्याच घरचे?" त्यांनी विचारलं.

"व्हय," सरूबाई म्हणाल्या. "आपणच पाळलेले."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. च्‌च्‌ केलं. आणि आपापल्या घरी जाऊन अर्ध्या भरलेल्या ड्रमांत वरून नवं पाणी ओतलं, कारण आमच्याकडं पाणी सांडणं हे पाप आहे.

कडूबांनी ड्रम काथ्यानं घासला, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि भिंतीपासून लांब ठेवला. तो तळातून पाझरून भिंत ओली ठेवायचा हे तेव्हा लक्षात आलं. खिडक्या उघड्या राहिल्या, भिंत वाळली, आणि खरवडल्यावर बुरशी परत आली नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला, की दर आठवड्याला प्रत्येकानं ड्रम रिकामा करून घासावा. बद्रीनाथांनी शांतपणे विचारलं, "अध्यक्षसाहेब, त्यात दिसणार काय?" ठराव पडला. कडूबाही पायउतार झाले, आणि मशीन बद्रीनाथांच्या खांद्यावर गेली. सरूबाई आता न थांबता जिना चढतात, पण एका घराचा दाखला कार्यकारिणी ग्राह्य धरत नाही.

बाकी सर्व उत्तम आहे. तरी काही डास उरतातच, तेव्हा ते कुठून येतात याचा बद्रीनाथ बारकाईनं शोध घेत आहेत. त्यांचा संशय तुमच्यावर आहे. बाल्कनीत तुमचा कुलर आहे ना, ज्यात उन्हाळ्यापासूनचं पाणी तसंच आहे? उठू नका, बसा. आम्ही मशीन पाठवतो.