सांतानमामांचं परराष्ट्र खातं

सांतानमामा मला ‘ओमान’ म्हणतात. माझं नाव रमेश. आमच्या उमेळे गावाबाहेर मी फारसा जातही नाही. पण दोन शेजारी सत्तांचं बोलणं बंद पडलं की ओमान निरोप नेतो, हे मामांनी टीव्हीवर ऐकलं. झालं! मामांचं आणि पलीकडच्या गजाकाकांचं बोलणं तर माझ्या लग्नाआधीपासून बंद.

मधे बावखल. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, अर्धं यांचं, अर्धं त्यांचं. मामांची बदकं हद्द ओलांडून गेली की गजाकाका ओरडणार, "रम्या, त्याला सांग, बदकं बांधून ठेव!"

मामा तिथेच, हाकेच्या अंतरावर उभे. तरी निरोप मीच न्यायचा. मामा डोळे मिटून विचार करणार आणि म्हणणार, "कळव त्यांना. बदकं हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे."

नाताळात मात्र फराळाचं ताट माझ्या हाती देत. "मानवतावादी मदत. मैत्री समजू नये!"

मग बिल्डर आला. गजाकाकांचा मुलगा मंगेश तयारच होता. बावखल बुजवायचं, वर इमारत. पण सही दोन्ही मालकांची हवी. मामांनी भर नाक्यावर जाहीर केलं, "सही नाही! गजाचं भलं होईल असं मी काही करणार नाही!"

म्हातारा खुनशी, असं गाव म्हणालं. मीही म्हणालो, "मामा, हे शोभत नाही तुम्हाला."

"आमच्या भूमिकेत बदल नाही."

परवा दुपारी केळीचा घड काढायला गेलो आणि थबकलो. बावखलाच्या पायरीवर दोन्ही सत्ता खांद्याला खांदा लावून, पाय पाण्यात सोडून बसलेल्या! थेट चर्चा, आणि ओमानला पत्ता नाही!

"सांतू, लोक तुला लय बोलतात रे," गजाकाका म्हणत होते. "पोराला सांगून टाकू का, मीच तुला नाय म्हनायला लावलं? मला पानी बुजवायचं नव्हतं, पन त्याच्या तोंडावर बोलवलं नाय."

"गप बस. तुला त्याच्या घरात राहायचंय. मला काय?"

तेवढ्यात रस्त्यावर मंगेशची बाईक वाजली. गजाकाका केळीत पसार.

या मंगेशला मामांनीच पोहायला शिकवलं, याच पाण्यात. सही नाकारली त्या दिवसापर्यंत तो लांबूनच ‘मामाऽ’ अशी हाक घालायचा. परवा बाईक वळली, मान वळली नाही.

मामांचा हात सवयीने वर गेला होता. क्षणभर तसाच राहिला. मग त्याच हाताने त्यांनी कपाळ पुसलं.