बेकरीवाल्यांची पाठ

"शंभर किलोमीटर सायकल चालवणं म्हणजे काय हो! त्याला पाय नाही, डोकं लागतं!"

आठवडाभर चष्मेवाले दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत होते. गिऱ्हाईक बिचारं डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेलं. मान हलवून नाही म्हणायचीसुद्धा सोय नाही!

घरात मात्र सोय होती.

"अहो, डोकं लागत असेल तर तुम्ही कशाला जाताय?" बायको म्हणाली.

भांडण जुनं होतं. चष्मेवाल्यांची सायकल बेडरूमच्या कोपऱ्यात उभी असायची. खाली पार्किंगमध्ये नाही, गॅलरीत नाही. खिडकीजवळच्या, वारा येणाऱ्या, घरातल्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात! आता बायकोची आई कायमची राहायला येणार होती आणि तिच्या कॉटला तोच कोपरा हवा होता.

"सायकल खाली गेली की गंजेल!" चष्मेवाले कळवळून म्हणाले.

"मग वापरा की! घेतल्यापासून नुसती पुसताय. बरं, शेवटचं सांगते. रविवारी तलावापर्यंतची पूर्ण राइड करा, बाराच्या आत परत मैदानावर पोचून पदक आणा. सायकल राहील तिथेच, आई हॉलमध्ये झोपेल. नाहीतर सायकल पार्किंगमध्ये. कॉट आणलीय, गादीवाल्यालाही सांगून ठेवलंय."

"गादीसुद्धा सांगितलीस? एवढा अविश्वास?"

"छे छे, एवढा अनुभव!"

पण चष्मेवाल्यांकडे खरंच योजना होती. सायकल ग्रुपमध्ये एक बेकरीवाले होते. माणूस मनाने मोठा आणि अंगाने त्याहून मोठा. नारिंगी जर्सी घालून ते पुढे निघाले की मागच्याला वाऱ्याची झुळूकही लागत नसे. चष्मेवाल्यांनी ठरवलं होतं, जाताना-येताना बेकरीवाल्यांची पाठ सोडायची नाही!

ग्रुपचे कॅप्टन होते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. रविवारी पहाटे निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून दम भरला. "नजर फक्त पुढच्याच्या मागच्या चाकावर! मध्येच ब्रेक मारायचा नाही. इकडेतिकडे बघायचं नाही. रस्ता कुठे जातो ही काळजी सगळ्यात पुढच्याची!"

पुढे बेकरीवाले, त्यांच्यामागे चष्मेवाले, मग दाताचे डॉक्टर, मग बाकीची मंडळी आणि शेवटी मास्तर. तलावापर्यंत वारा पाठीशी होता. चष्मेवाले शीळ घालत गेले. तलावावर फोटो काढला, बायकोला पाठवला, खाली लिहिलं, "कॉट परत करून टाक!"

परतताना त्याच वाऱ्याने समोरून थोबाडीत द्यायला सुरुवात केली!

ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा गरम. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली. चष्मेवाल्यांच्या कपाळावरचा घाम काचांवर उतरला, त्यावर धूळ बसली आणि दिसेनासं झालं. त्यांनी चष्मा काढून मागच्या खिशात टाकला. सगळ्या गावाला चष्मा लावणारा माणूस, पण स्वतः बिनचष्म्याचा म्हणजे निव्वळ अंदाजपंचे! काळजी मात्र नव्हती. पुढे एक मोठं नारिंगी काहीतरी दिसत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

शहर जवळ आलं तशी धुळीची एक जबरदस्त वावटळ उठली. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. नेमकी तेव्हाच बेकरीवाल्यांची चेन पडली आणि ते एका झाडाखाली जाऊन थांबले. "अहो, थांबा! चेन! चेन पडली!" ते जीव तोडून ओरडले. पण वारा समोरचा. त्यांचा आवाज उलटा तलावाकडे गेला.

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. पुढे नारिंगी होतं. जरा लांब गेलं होतं, पण होतं! त्यांनी जिवाच्या आकांताने पायडल मारलं आणि पुन्हा त्याच्या आडोशाला घुसले. अहाहा! वारा बंद!

बेकरीवाले आज जरा जास्तच रुंद दिसतायत, असं त्यांच्या मनात आलं. तलावावर बिस्किटांचा अख्खा डबा संपवलाय, दुसरं काय!

पुढे पाठीवर सुतळीसारखं काही आडवं बांधलेलं दिसलं. चष्मेवाले विरघळले. कमरेला पट्टा! बिचाऱ्यांची कंबर धरलीय आणि तरी सगळ्यांना ओढतायत!

"दुखतंय का हो?" त्यांनी ओरडून विचारलं.

पुढचा वेग एकदम वाढला.

"स्वाभिमानी माणूस आहे!" चष्मेवाले मागे डॉक्टरांना म्हणाले.

"कोण?" डॉक्टरांनी नजर चाकावरून न हलवता विचारलं.

"बेकरीवाले! दुखणं दाखवत नाहीत!"

शेवटून मास्तरांची शाबासकी एकेकाच्या तोंडून पुढे आली. "मास्तर म्हणतात, असा वेग ग्रुपने कधी पाहिला नाही!" चष्मेवाल्यांनी ती पुढे पोचवली. पुढचं नारिंगी आणखी जोरात पळालं!

नारिंगी उजवीकडे वळलं. सगळे उजवीकडे वळले. डावीकडे एक बोळ. सगळे बोळात. एका घराच्या अंगणातून, दोन स्कूटरांच्या मधून, वाळत घातलेल्या चादरीखालून, माना खाली घालून सगळी वरात गेली. ब्रेक कुणीही मारला नाही. मैदानाकडे जायला हा नवा रस्ता काढला असणार! चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे पदक नाचू लागलं.

आणि नारिंगी थांबलं!

चष्मेवाले थेट त्याच्यात घुसले. लागलं नाही. मऊ होतं. कापसाचा वास आला.

"घ्या! गादी घ्या!" पलीकडून एक रडवेला आवाज आला. "गादी घ्या, पण मला सोडा!"

चष्मेवाल्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. समोर बॅटरीवर चालणारी स्कूटर, आवाज न करणारी. तिच्या मागच्या सीटवर सुतळीने आवळलेली, नारिंगी खोळीची गादी. आणि पुढे हात जोडून उभा असलेला गादीवाला, पार घाम फुटलेला!

"हायवेवरच्या कारखान्यातून निघालो तर हे सगळे मागे!" तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. "तोंडाला फडकी बांधलेली! मी पळतोय तर हेपण पळतायत! वर हा पुढचा विचारतो, दुखतंय का!"

"बेकरीवाले कुठायत?" मास्तरांनी मागून गर्जना केली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बेकरीवाले मैदानावर पोचले होते. एकटेच. वेळेत. पदक गळ्यात घालून विचारत होते, "बाकीचे अजून तलावावरच आहेत का? बारा वाजले, पदकं वाटणारे निघालेत."

चष्मेवाल्यांनी हळूच मान वर केली. रंग उडालेलं फाटक ओळखीचं. जिना ओळखीचा. आणि जिन्याच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई तर फारच ओळखीची!

"पदक?" बायकोने विचारलं.

चष्मेवाल्यांनी खिसे चाचपले. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मग ते बारीक आवाजात म्हणाले, "गादी आलीय."

"दिसतंय. वर घ्या."

जिना अरुंद, गादी जाड. गादीवाला स्कूटर सोडून पुढे यायला तयार नव्हता, म्हणून मास्तर आणि डॉक्टर पुढे झाले आणि मागचं टोक चष्मेवाल्यांच्या डोक्यावर आलं. समोर पुन्हा तेच नारिंगी, बाकी काही दिसत नव्हतं. ते मान खाली घालून, गादी नेईल तिकडे निघाले. गादी जिना चढली, हॉल ओलांडून बेडरूममध्ये शिरली आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात कॉटवर जाऊन पडली. सायकलीखाली ठेवायचं पायपुसणं बायकोने आधीच धुवायला टाकलं होतं! चष्मेवाल्यांना खरोखर रडू आलं. पण अंगातलं सगळं पाणी घामातच गेलं होतं.

सासूबाई सकाळच्या गाडीने येऊन बसल्या होत्या. त्यांनी जावयाचा लालबुंद चेहरा पाहिला, धुळीने माखलेले कपडे पाहिले, दारात धापा टाकत उभी असलेली पलटण पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला.

"बघ गं!" त्या लेकीला म्हणाल्या. "तू उगीच बोलतेस त्यांना. एवढ्या उन्हात, एवढी माणसं जमवून, माझ्यासाठी सायकलवर गादी आणायला गेले!"

डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चष्मेवाल्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"त्यात काय एवढं, आई!" ते म्हणाले आणि सायकल कायमची खाली ठेवायला पार्किंगची किल्ली शोधू लागले.