अंगाईचा कडेलोट

म्हैसूर शहरात आवाजाच्या गुन्ह्यांचा तपास करणारा एकच माणूस आहे, आणि तो मी, नंजुंडस्वामी. कार्डावर 'चाचणी विभागप्रमुख' असं छापलंय, पण ते छापणाऱ्याचं अज्ञान. नुसती खरखर ऐकून ती कोणत्या प्रोग्रॅमरची, हे मी सांगतो. कधीकधी ते बरोबरही निघतं. माझ्या हाताखाली कपिला नावाची मुलगी आहे. तिला माझ्याबद्दल आदर आहे, फक्त ती तो दाखवत नाही.

आम्ही बाळांना झोपवणारं ॲप बनवतो. अंगाई लागते, बाळ पेंगतं आणि मग आवाज दहा मिनिटांत हळूहळू विरत जातो. निदान तसं ठरलं होतं. पण त्या दिवशी आमच्या मालकीणबाई, शरावती मॅडम, सुजलेल्या डोळ्यांनी ऑफिसात आल्या.

"विरतोय कुठला! कडेलोट होतो," त्या म्हणाल्या. "गाणं चालू, चालू, आणि एकदम गप्प! काल नवी आवृत्ती टाकल्यापासून माझा मुलगा दचकून उठतोय. आज दुपारी दावणगेरेचे पाळणेवाले चेन्नवीरप्पा नातीला घेऊन येणार. ती झोपली तर त्यांच्या प्रत्येक पाळण्याबरोबर आपलं ॲप जाईल. नाही झोपली तर ऑफिसला कुलूप. मला खरंच भीती वाटतेय हो, नंजुंड सर."

"घाबरू नका. गुन्हेगार आतलाच आहे," मी म्हणालो.

पहिला संशय राघोत्तमवर, कारण कोड त्याचा.

"आवाज दहा-दहाने खाली आणलास ना? पायऱ्या ऐकू येतात बाळाला!"

"सर, पायऱ्या उन्हाळ्यातच काढल्या. आता घसरगुंडी आहे."

"मग ती सरळ असेल. कानाला सरळ रेष कळत नाही! शंभराचे नव्वद झाले तर कान ढुंकूनही बघत नाही, आणि दहाचे शून्य झाले की बोंब मारतो."

"म्हणूनच वक्ररेषा लावलीय. तुम्हीच ती बघून मान डोलावलीत."

"मी कशालाही मान डोलावतो," मी म्हणालो. त्याच्यावरचा माझा संशय आणखी वाढला.

मग मी स्पीकरची जाळी नखाने खरवडली. मद्दूर वड्याचा चुरा निघाला. तो पुरावा म्हणून पाकिटात भरला. जेवायच्या सुट्टीपर्यंत माझे बरेच तर्क तयार होते. त्यातला शेवटचा असा, की मॅडमचं बाळ दुसऱ्या कंपनीला फितूर आहे.

"आठ महिन्यांचं आहे ते," कपिला म्हणाली.

"म्हणूनच कोणाला संशय येत नाही."

दुपारी चेन्नवीरप्पा आले. मागून त्यांच्या पत्नी गंगम्मा, कडेवर नात. अंगाई लागली, पोरगी पेंगली. मॅडम हात जोडून उभ्या. आवाज विरायची वेळ आली आणि एकदम सगळं चिडीचूप! पोरीने डोळे उघडले, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

गंगम्मांनी नातीला थोपटत विचारलं, "आवाज किती वेळात कमी होतो म्हणालात?"

"दहा मिनिटांत, अम्मा," मॅडम म्हणाल्या.

"काहीतरीच! मला तर तेवढ्यात धड एक श्वाससुद्धा घेता आला नाही. तुमच्या त्या यंत्राचं घड्याळ बघा आधी."

कपिलाने सेटिंग उघडलं. आवाज विरण्याचा अवधी होता एक सेकंद.

"चाचणीला दहा-दहा मिनिटं कोण बसणार, म्हणून तुम्हीच एक सेकंद करायला लावलात, सर," ती म्हणाली. "आम्ही रोज तेवढंच ऐकतोय, त्यामुळे कोणाला खटकलंच नाही. परत दहा मिनिटं करायचं राहून गेलं."

"आतलाच असणार, हे मी सकाळीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

कपिलाने आकडा बदलला. पुन्हा अंगाई. या वेळी आवाज कधी संपला, कोणालाच कळलं नाही. पोरगी गाढ झोपली होती. चेन्नवीरप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "ठरलं. सगळ्या पाळण्यांना द्या."

मॅडम पदराने डोळे पुसू लागल्या. राघोत्तम चपला हातात घेऊन गोल-गोल नाचला. हे सगळं अगदी बिनआवाजाचं. मलाही भरून आलं. एवढा मोठा तपास संपल्याचं कोणीतरी रीतसर जाहीर करायला हवं होतं.

"केस सुटली!" मी गरजलो.

पोरगी किंचाळत उठली.

गंगम्मांनी तिला छातीशी धरलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "शरावती, पोरांना उठवणारा हा सापडला बघ!"