जांभळं पाणी

"दारात कुणीही येवो, आधी पाणी द्यायचं, मग काम विचारायचं. आणि खोटं बोलायचं नाही. एवढं सांभाळलंस तरी पुष्कळ झालं."

लेकीकडे राहायला जाताना सासूबाईंनी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं. सून "हो" म्हणाली होती, आणि रोज सकाळी डोळे मिटून तेच "हो" ती पुन्हा म्हणत असे.

आणि एक दिवस नवऱ्यानं स्वयंपाकघरातल्या नळाला चिकटपट्टी गुंडाळली.

"आजपासून या घरात फक्त बाटलीतलं अल्कलाइन पाणी," तो म्हणाला. "बघच तू, माझा गुडघा विशीतला होतो की नाही. गुडघाच कशाला, मी सगळाच!"

नवरा वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर. त्याला पाहून दुकानांतले तराजू थरथरत. जे मोजता येतं तेच खरं, हा त्याचा बाणा. बाटल्यांच्या खोक्यात एक कुपीही निघाली. तिच्यातला थेंब साध्या पाण्यात टाकला की पाणी हिरवं, अल्कलाइनमध्ये टाकला की जांभळं, आंबट कशात टाकला की पिवळं. झालं! त्यानं चहा तपासला, शाम्पू तपासला, शेजारच्या कुत्र्याची लाळ तपासली. शेवटी वडिलांचा घाम तपासला.

"बाबा, तुम्ही फार आंबट आहात."

"तुझ्या आईचंही हेच मत आहे," सासरे म्हणाले.

"आणि हे पाणी येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं नाही," त्यानं बायकोला बजावलं.

आली का पंचाईत! नळाला पट्टी, बाटलीला बंदी, आणि दारात मीटर बघणारा घामानं निथळतोय. तिनं मनातल्या मनात माफी मागून बाटली उघडली. मग पोस्टमन आला. मग पंखा दुरुस्त करणारा. मग चुकून भलत्याच घराची बेल वाजवलेले एक गृहस्थ, सहकुटुंब. आता घरातलंही कुणी तहानलेलं राहायला नको, म्हणून रिकाम्या बाटल्या ती बाथरूमच्या नळावर भरून जागच्या जागी ठेवू लागली.

"अहो, त्या बाटल्यांचं जरा सांगायचं होतं."

"नंतर. आधी हा गुडघा बघ, कसा वाकतोय."

"ते पाणी ना..."

"पाण्याचीच तर करामत! काय गुळगुळीत लागतं!"

खोटं ती बोलत नव्हती. खरं कुणी ऐकत नव्हतं. रोज सकाळचं "हो" मात्र आता अर्धवटच निघत होतं.

रविवारी नवऱ्यानं थेट साहेबांनाच घरी आणलं. अख्ख्या ऑफिसला हेच पाणी पाजायचा बेत होता. साहेबांसमोर बाटली उघडली, थेंब टाकला. हिरवं. दुसरी उघडली. हिरवं. तिसरीही हिरवीगार.

"एवढं हिरवं तर आमच्या नळाचंही होतं," साहेब म्हणाले.

नवरा ताडकन उठून स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरचा भरलेला ग्लास घेऊन आला. थोडं पाणी बशीत ओतून त्यानं थेंब टाकला. वांग्यासारखं जांभळं!

"हे बघा, साहेब! हिनं आधीच ओतून ठेवलं होतं."

"अहो, तो ग्लास..."

"नंतर!"

उरलेलं पाणी दोघांनी निम्मं निम्मं घेतलं.

"जरा खारट आहे," साहेब घोट घोळवत म्हणाले, "पण भारदस्त."

इतक्यात सासरे पांढरेशुभ्र दात चमकवत बाहेर आले. "सूनबाई, माझा कवळीचा ग्लास कुणी नेला? रात्रभर सोडा घालून भिजवली होती. ते पाणी ओतून टाकायचं राहिलं."

साहेबांचा घोट गालातच थांबला. तो कसाबसा गिळून त्यांनी विचारलं, "वहिनी, हे खरं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं.

"खरंय," ती म्हणाली, आणि आता सुरुवात झालीच आहे म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. "आणि त्या बाटल्यांत नळाचं पाणी आहे. मीच भरते."

नवऱ्याचा वाकणारा गुडघा जागच्या जागी ताठ झाला. साहेब बेसिनकडे धावले.

"पोटात मुळातच आम्ल असतं," सासरे शांतपणे म्हणाले. "असलं पाणी वरून ओतलं तरी पोट त्याला आपल्यासारखं करून घेतं. धडधाकट माणसाला सहसा अपाय नाही, पण स्वच्छ नळाच्या पाण्याहून जास्त काही पदरातही पडत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र आधी विचारा, असं डॉक्टर म्हणाले होते."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"मी आंबट ना."

बेल वाजली. दारात बाटल्यांचा विक्रेता, दोन्ही खांद्यांवर नवी खोकी, धापा टाकत उभा. नवऱ्यानं बाह्या सरसावल्या.

तिनं नळाची चिकटपट्टी सोलून काढली, ग्लास काठोकाठ भरला आणि नवऱ्याच्या पुढे होऊन दाराकडे निघाली.

"थांबा जरा," ती हळूच म्हणाली. "आधी पाणी. मग भांडण."