तोंड इकडं कर, बे!

सकाळी सव्वासहाला मी कणीक मळत असते, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज एकाच माणसाचा आरडाओरडा ऐकू येतो.

"तोंड इकडं कर बे! इकडं पाह्य! माह्याकडं पाह्य! अबे, कुठं चालला?"

मग काहीतरी फाटकन आपटतं. आणि मग तोच आवाज, एकदम थंड : "ट्रिप झालं."

घरी पाहुणे असले की दचकतात. शेजारी कोणी कोणाला मारतंय का, असं विचारतात. मी सांगते, नाही हो, ठवकरजी हेलिकॉप्टर उडवून राहिलेत. मग ते जास्तच दचकतात.

ठवकरजी म्हणजे दादाराव ठवकर. आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. वय सहासष्ट. हिवाळ्यात कानटोपी, उन्हाळ्यात ओला दुपट्टा आणि बाराही महिने पायात ड्युटीचे जाड काळे बूट. चौतीस वर्षं त्यांनी कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूम सांभाळली. निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, घर बांधलं. क्वार्टर सुटलं, पण कंट्रोल रूम काही सुटली नाही. दूधवाला आला नाही की तो, बंद पडलेल्या यंत्रासारखा, 'ट्रिप झाला'. समोरच्या घरच्या वरातीत नवरदेव घोड्यावरून घसरला, तेव्हा सगळे धावले. हे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "ओव्हरलोड होता. ट्रिप होनारच होता." मी शाळेत गणित शिकवते. परीक्षेच्या दिवसांत माझा चेहरा पाहिला की कंपाउंडवरून ओरडतात, "मॅडम, लोड घेऊ नका!"

ओरडतात हे शब्दशः घ्यायचं. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. त्यांचा फोन आला की अर्ध्या ले-आउटला येतो.

हेलिकॉप्टर त्यांनी दोन वर्षांपूर्वी मागवलं. हातभर लांब, पिवळं, बॅटरीवर चालणारं. खाली आडव्या-उभ्या काड्या आणि त्यांच्या टोकांना प्लास्टिकचे चार चेंडू, पडलं तरी कलंडू नये म्हणून. आमच्या ले-आउटच्या मधोमध मैदान आहे. 'बगीच्याकरिता राखीव' असा फलक तिथे मी लग्न होऊन आले तेव्हापासून उभा आहे. त्या फलकावर आता एक वेल चढलाय. बगीचा म्हणायचा तर तेवढाच. तिथे रोज सकाळी ठवकरजी जातात, हातात रिमोट, काखेत हेलिकॉप्टर.

सुरुवातीचे तीन-चार महिने बरे गेले. हेलिकॉप्टरची शेपूट आपल्याकडे असली, की काम सोपं असतं. रिमोटची काडी उजवीकडे दाबली की ते उजवीकडे जातं. ठवकरजी त्याला कमरेइतक्या उंचीवर एका जागी उभं करायचे आणि पाच-सहा मिनिटांनी बॅटरी संपत आली की अलगद खाली टेकवायचे. आम्ही कौतुक केलं. एकदा तर समोरच्या घरच्यांनी टाळ्याही वाजवल्या.

मग त्यांच्या डोक्यात शिरलं, की त्याचं तोंड आपल्याकडे पाहिजे.

आता तोंड आपल्याकडे झालं की सगळं उलटं होतं. त्याचं उजवं ते आपलं डावं. आरशात पाहून स्वतःचे केस कापून पाहा, म्हणजे कळेल. जरा ते डावीकडे कललं की माणूस घाबरून उजवीकडे काडी दाबतो, आणि ते आणखीच डावीकडे जाऊन जमिनीवर आपटतं. सगळं दोन सेकंदांत.

ठवकरजींनी यावर उपाय काढला होता. हेलिकॉप्टरचं तोंड इकडे वळलं की ते धावत जाऊन त्याच्या पाठीमागे उभे राहायचे. वाऱ्यानं ते पुन्हा वळायचं. हे पुन्हा धावायचे. थंडीच्या सकाळी कानटोपी घातलेला एक माणूस जड बुटांनिशी एका पिवळ्या खेळण्याभोवती गोल गोल पळतोय आणि त्याला 'थांब बे, थांब' म्हणतोय, हे मी कितीतरी वेळा गच्चीवरून पाहिलंय. डॉक्टर त्यांना चालायला सांगून दमले होते. तो प्रश्न असा सुटला.

एका मे महिन्यात ते माझ्या कुरडयांवर पडलं. दोन पायल्या गव्हाच्या कुरडया, पहाटे उठून घातलेल्या, अजून ओल्या. मी वर गेले तर चादरीच्या मधोमध हेलिकॉप्टर रुतलेलं आणि पात्यांना शेवया गुंडाळलेल्या. ठवकरजी जिन्यात उभे. दुसऱ्या दिवशी स्वतः गहू भिजत घातले आणि तीन दिवसांनी चीक काढून, मला गॅसजवळ उभं ठेवून, घाटत बसले. म्हणाले, "प्रोसेस समजावून सांगा. मी करतो." कुरडया तशा बऱ्याच झाल्या. थोड्या जाड.

त्यानंतर त्यांनी मला सरावात ओढलं.

"मॅडम, तुमी हेलिकॉप्टर व्हा."

"मी?"

"गणित शिकवता ना? मंग. तिकडं उभ्या राहा, माह्याकडं तोंड करून. मी काडी हालवतो, तुमी तुमच्या हिशोबानं चाला."

मी दुधाची पिशवी हातात घेऊन 'बगीच्याकरिता राखीव' मैदानात हेलिकॉप्टर झाले. त्यांनी काडी उजवीकडे दाबली, मी माझ्या उजवीकडे एक पाऊल टाकलं. ते कळवळले. "तिकडं काहून चालल्या?" म्हटलं, हे माझं उजवं आहे. "हो, पन माहं डावं हाय ना ते!" पंधरा मिनिटं मी इकडून तिकडे हिंदकळत होते. शेजारच्या गल्लीतून शाळेत जाणाऱ्या माझ्याच वर्गातल्या दोन मुली कुंपणापाशी थांबून पाहत होत्या. मी लोड घेतला नाही.

घरी परतताना मी वैतागून विचारलं, "ठवकरजी, हा हट्ट कशाला? शेपटीकडून छान येतं तुम्हाला. आयुष्यभर तसंच उडवा. कोण परीक्षा घेणार आहे?"

ते थांबले. हेलिकॉप्टरचं एक पातं बोटानं सावकाश फिरवलं. म्हणाले, "पाठ पाहून पाहून कंटाळा आला, मॅडम." आणि लगेच मोठ्यानं, "चला, दूध नासनार तुमचं!"

ठवकरजी एकटे राहतात. पण ते काही विधुर नाहीत. त्यांची बायको कुसुमताई उमरेडला असते, माहेरी. सात वर्षांपूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली. आई चार वर्षं अंथरुणात होती. आई गेल्यालाही आता तीन वर्षं झाली. कुसुमताई आली नाही. भांडण झालं म्हणावं तर तसंही काही नाही. एकदा मी विचारलं होतं, तर ठवकरजी म्हणाले, "ते आली नाई, अन् मी बलावलं नाई." आणि थोड्या वेळानं, "कॉलनीत होतो तवा माह्या शिफ्टा. मी घरी आलो की ते कामात, ते निजली की मी ड्युटीवर. बोलाची सवयच नाई लागली. मंग रिटायर झाल्यावर काय बोलाव?"

दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. मी भिंतीपलीकडे असले तरी मला सगळं ऐकू येतं, कारण ते फोन स्पीकरवर ठेवतात.

"जेवले?"

"जेवलो."

"नळ आले होते?"

"आले होते."

"बरं."

एवढंच. कधीकधी दोघंही फोन न ठेवता नुसते थांबून राहतात, आणि मग दुसऱ्या कोणाचा तरी फोन येतो नाहीतर कुकरची शिट्टी होते.

पण हेलिकॉप्टर आल्यापासून पाच वाक्यांची सात-आठ झाली होती, हे मी नोंदवलं होतं. एका रविवारी ते तिला डाव्या-उजव्याचं रडगाणं सांगत होते. तिकडून कुसुमताई म्हणाली, "जिकडं झुकून राह्यलं, तिकडूनच टेका द्या ना. माह्या मांडवावरचा वाल झुकला त मी काय करते? ज्या बाजूनं झुकला त्याच बाजूनं बांबू लावते. याच्यात डावं-उजवं कायले पाह्यजे?"

ठवकरजी फोन ठेवायचाच विसरले. तसेच रिमोट घेऊन मैदानात पळाले.

तिचं बरोबर होतं. तोंड आपल्याकडे असताना ज्या बाजूला ते कलतं, त्याच बाजूला काडी न्यायची, जणू खालून टेकू देतोय. बाकी काही आठवायचं नाही. कळायला सोपं होतं, पण हातात उतरायला आणखी सात महिने लागले. पात्यांच्या किती जोड्या गेल्या ते त्यांनाच माहीत.

मग या हिवाळ्यात, सुटीच्या एका सकाळी, त्यांनी माझं दार वाजवलं. "मॅडम, फोन घेऊन या. व्हिडिओ काढा लागते."

मैदानावर धुकं होतं, वारा अजिबात नव्हता. ते मला स्वतःच्या शेजारी उभं करून म्हणाले, "फक्त त्याच्या तोंडावर धरा." हेलिकॉप्टर वर गेलं. पाठमोरं होतं. मग त्यांनी ते सावकाश वळवलं. आधी एक बाजू दिसली, मग ते पुरतं वळलं आणि त्याची काळी काच आमच्याकडे झाली. थरथरलं, डावीकडे कललं. ठवकरजींचा अंगठा कणभर डावीकडे गेला. ते सरळ झालं. उजवीकडे कललं, अंगठा उजवीकडे. आणि मग ते उभंच राहिलं. आमच्याकडे तोंड करून, छातीइतक्या उंचीवर, एका जागी.

आज ठवकरजी ओरडत नव्हते. बॅटरी संपल्याची पिंपिं वाजेपर्यंत त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि मग खाली उतरवलं. मी व्हिडिओ बंद करायचं विसरून त्यांच्याकडे वळले. ते रिमोट छातीशी धरून उभे होते, खालचा ओठ दातात, कानटोपी एका कानावरून सरकलेली.

"आता हा उमरेडले पाठवा," ते म्हणाले. "नंबर माह्या फोनात हाय."

मी नंबर शोधत असताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पहिला व्हिडिओ पाठवला होता, शेपटीकडून काढलेला. तेव्हा कुसुमताईनं फोनवर विचारलं होतं, "याले तोंड नाई का? नुसती पाठच दिसून राह्यली." बस, तेवढंच.

"मॅडम, नळ आले का, जेवले का, याच्याशिवाय तिनं इतक्या वर्षांत मले काही इचारलंच नव्हतं. म्हटलं, हे तरी दाखवाव."

मी व्हिडिओ पाठवून दिला.

तो रविवार नव्हता, तरी संध्याकाळी ठवकरजींच्या स्पीकरवर तिचा फोन आला. मी गच्चीवरचे कपडे काढत होते. कुसुमताई म्हणाली, "पाह्यला. चांगलं उभं राह्यलं." मग जरा थांबून, "शेवटी तुमीच दिसून राह्यले त्याच्यात. किती वाळले तुमी! गालफडं पार आत गेली."

मग मला नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर जे काही बोलणं झालं, त्यातलं अक्षरही मला ऐकू आलं नाही. चौतीस वर्षं यंत्रांवरून ओरडलेला तो माणूस त्या दिवशी हळू बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते फाटकाशी उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हेलिकॉप्टरचा खोका.

"उमरेडले जाऊन राहिलो," म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा.

"परत कधी?"

"पाहू," म्हणाले, आणि बसस्टँडची ऑटो आली.

मैदान चार दिवस मोकळं राहिलं. सव्वासहाला कणीक मळताना मला उगाचच खिडकी उघडी आहे ना, हे दोनदा पाहायची सवय लागली. पाचव्या दिवशी फोन आला.

"मॅडम, पेपरवाल्याले सांगा ना, आनखी चार दिवस पेपर टाकू नको म्हना."

मागून बाईचा आवाज आला, भांड्यांच्या आवाजातून : "चार नाई. आठ सांगा."

मग ठवकरजी अगदी हळू म्हणाले, "मॅडम, आठ."